तोंड न लावता चाखलेली बिअर

म्हातारा निळा पडायला लागला तेव्हा तिथे चार डॉक्टर होते. तीन हॉलमध्ये आणि एक वॉशरूममध्ये.

डोळ्यांचे डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी म्हाताऱ्याची पापणी वर करून पाहिली. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, यांनी शेवटचं कधी खाल्लं होतं? मी म्हटलं, आत्ताच, तेच अडकलंय. कातडीचे डॉक्टर म्हणाले, आपलं लायसन्स संपून बरीच वर्षं झाली, उद्या काही कमीजास्त झालं तर या देशात वकील मागे लागतात. तिघेही रिटायर्ड, तिघेही आपले, आणि तिघांनीही हातातला बिअरचा ग्लास खाली ठेवला नव्हता.

म्हातारा म्हणजे योरिस. बेल्जियममधल्या ज्या घराण्याची बिअर आमच्याकडे चाखायला मिळायची, त्या घराण्यातला थोरला. पणजोबाच्याही आधीपासून बिअर करणारं घर. कॅनडातली ही टेस्टिंग रूम चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला तो विमानाने आला होता, आणि तिळाचा लाडू घशात अडकून माझ्या काउंटरला धरून उभा होता. आवाज नाही, खोकला नाही. त्याची पुतणी लिस्बेत त्याचा कोट धरून 'नोंकल, नोंकल' करत होती. नोंकल म्हणजे त्यांच्यात काका.

इथवर गोष्ट कशी आली ते आधी सांगते. म्हातारा चिवट आहे, तेवढा वेळ थांबेल.

या अंकाच्या संपादिकेने मला सांगितलं होतं, मावशी, तुमच्या नोकरीवर लिहा, पण दिवाळीचा अंक आहे, बिअर जरा कमी ठेवा. नोकरीच बिअरची होती. कमी कुठून ठेवू?

मी वाईजवळच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकले. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचे नवरे डॉक्टर नाहीतर इंजिनियर, माझा वेल्डर होता. तो गेल्यावर मी मिल्टनला मुलाकडे राहायला आले. मुलगा सकाळी ट्रेनने टोरांटोला जाणार, सून गाडीने दुसरीकडे, नात शाळेत. घरात बसून सुनेच्या डिशवॉशरला नावं ठेवण्यापेक्षा बाहेर जाऊन भांडी घासलेली काय वाईट, असा विचार केला. आमच्या वस्तीच्या पलीकडे शेतं लागतात. तिथे एका जुन्या धान्याच्या कोठाराची डागडुजी करून लिस्बेतने टेस्टिंग रूम काढली होती. दारावर पाटी होती, ग्लास धुवायला माणूस पाहिजे. मी आत गेले आणि म्हटलं, मी धुते. गावाकडच्या नातेवाईकांना मात्र सरबताचा कारखाना आहे असं सांगितलं. अजूनही त्यांना तेच माहीत आहे.

टेस्टिंग रूम म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. तिथे माणसं चाखायला येतात. एका लाकडी फळीला चार भोकं असतात, त्यांत चार लहान ग्लास बसवलेले, प्रत्येकात निराळी बिअर. हलकी आधी, जड नंतर, आंबट सगळ्यांत शेवटी. मध्ये पाण्याचा घोट आणि पावाचा तुकडा. आधी वास घ्यायचा, मग थोडी तोंडात घोळवायची, मग गिळायची. वाईन चाखणारे थुंकतात म्हणे, पण बिअरचा कडूपणा जिभेच्या मुळाशी कळतो, त्यामुळे गिळल्याशिवाय गत नाही. ही सोय मला पहिल्या दिवसापासून आवडली.

ग्लास धुणं हे अर्धं काम आहे. ग्लासला तेलातुपाचा एक थेंब जरी राहिला तरी बिअरचा फेस बसतो, आणि फेस बसला की वास गेला. लिपस्टिक, समोसा खाल्लेली बोटं, हाताला लावायचं क्रीम, हे सगळे आमचे शत्रू. धुतलेला ग्लास पाण्यात बुडवून काढायचा. पाणी एकसारखं सरकलं तर स्वच्छ, थेंब थेंब चिकटून राहिले तर परत घासा. मी असा ग्लास कुणाला जाऊ दिला नाही. घरी सुनेचे ग्लासही मी असेच उजेडाला धरून बघायचे, म्हणून तिने मला तिच्या किचनमध्ये ग्लास धुवायला मनाई केली.

पुढे माणसं कमी पडली तेव्हा लिस्बेतने मला बिअर ओतायला शिकवलं, आणि ओतायची तर चव माहीत पाहिजे म्हणून चाखायलाही शिकवलं. पहिली पांढरी, गव्हाची. मी म्हटलं, धणे आहेत आणि संत्र्याची साल आहे. ती म्हणाली, बरोबर. त्यात हुशारी काही नाही, घातलेलेच होते. दुसरी तपकिरी, तिला काकवीचा वास, तळाला जरा करपलेल्या साखरेचा. तिसरी सोनेरी. ही फार लबाड. दिसायला लिंबू सरबत, पण दोन ग्लास गेले की माणूस पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला किल्ली लावत उभा राहतो.

चौथी आंबट. लाकडी पिंपात दोन-दोन वर्षं ठेवतात. मी घोट घेतला आणि म्हटलं, ही नासली आहे. लिस्बेत हसली. म्हणाली, नासली नाही तारा, ही अशीच असते. मी पुन्हा घोट घेतला. मग मला कळलं की आपल्याकडे आंबणं निराळं आणि नासणं निराळं, आणि ही आंबलेली होती. इंग्रजीत दोन्हीला ते सावर म्हणतात, म्हणून त्यांचा घोटाळा होतो. तिच्या वासाला मात्र मला एकच शब्द सुचला. गोठा. मला वाटलं, लिस्बेतला राग येईल. ती म्हणाली, आमच्याकडे पण हेच म्हणतात. ज्या देशात गोठ्याचा वास येणाऱ्या मालाला जास्त भाव मिळतो, त्या देशाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नव्या घरांच्या सबडिव्हिजनमधलं एक जोडपं यायचं, ते प्रत्येक बिअरमध्ये बर्फ मागायचं. मी द्यायची नाही. बर्फ संपला म्हणायची, बाहेर सगळं शेत बर्फाने भरलेलं असताना. एक माणूस कुठलीही बिअर प्याला की 'स्मूद' एवढंच म्हणायचा. आंबट प्यायल्यावर त्याच्या तोंडाचा चंबू झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाला, स्मूद. आणि एक ट्रकवाले सरदारजी होते. ते सगळी फळी मागवायचे, चारही ग्लासांचा नीट वास घ्यायचे आणि एक थेंब न पिता उठायचे. मी एकदा हिंदीत विचारलं, पाजी, पीते क्यूं नहीं? म्हणाले, बहनजी, गाडी चलानी है. मग येता कशाला? म्हणाले, दिवसभर डिझेलचा वास घेतो, नाकाला सुट्टी द्यायला येतो. माझ्या मते आमच्याकडे आलेलं ते सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक.

पण अशी गिऱ्हाइकं थोडी. बाकीचे यायचे, फळीचा फोटो काढायचे, गटागटा प्यायचे आणि जायचे. हे बेल्जियमपर्यंत पोचलं. योरिसला ते पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, जिथे माणसं चाखत नाहीत ते दुकान, आणि दुकानं त्याला कॅनडात नको होती. एका जानेवारीत त्याने कळवलं, शनिवारी येतो, गर्दी असेल तेव्हा बसून बघतो, आणि तिथेच सांगतो.

लिस्बेत घरच्यांशी भांडून इकडे आली होती. बंद झालं तर तिला परत जाऊन धाकट्या भावाच्या हाताखाली बाटल्यांच्या लेबलांचं काम करावं लागलं असतं. तो भाऊ मी एकदा व्हिडिओवर पाहिला होता. त्याच्या हाताखाली मी ग्लाससुद्धा धुतले नसते.

तिने त्या शनिवारसाठी टोरांटोच्या एका ऑफिसचा मोठा ग्रुप बुक करून ठेवला. शुक्रवारी बर्फ पडायला लागला. शनिवारी सकाळी ऑफिसवाल्यांनी कळवलं, रस्ते वाईट आहेत, येत नाही. लिस्बेत रिकाम्या हॉलकडे बघत उभी राहिली. योरिस हॉटेलातून निघाला होता.

त्याच वेळी माझा फोन वाजत होता. मंडळाचे अध्यक्ष पटवर्धन. हे रिटायर्ड इंजिनियर, रिचमंड हिलला राहतात, आणि काहीही सांगायचं झालं तर आधी पाया खणतात. पाच मिनिटं ऐकल्यावर कळलं की आमच्या ज्येष्ठ मंडळींचा तिळगूळ समारंभ ज्या शाळेच्या हॉलमध्ये होता, तिथला पाण्याचा पाइप थंडीने फुटला आहे, माणसं व्हॅनमध्ये बसून निघालेली आहेत, आणि जायचं कुठे ते ठरलेलं नाही. मिल्टनमध्ये एखादं बेसमेंट मिळेल का?

मी म्हटलं, हॉल आहे. गरम आहे. पार्किंगमधला बर्फ मी सकाळी स्वतः शोव्हलने काढलाय. फक्त चहा मिळणार नाही.

ते म्हणाले, मग काय मिळतं?

मी सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "व्हेज आहे ना?"

मी म्हटलं, गहू, सातू आणि पाणी.

दोन व्हॅन भरून आले. जरीच्या साड्या, वरून जाडजूड पार्का कोट, खाली बर्फाचे बूट. दारात बूट काढायला लागले तर त्यांना थांबवावं लागलं. पाठोपाठ योरिस आला. काठी टेकत कोपऱ्यात जाऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बघायला लागला.  बायकांनी काउंटरवर हळदीकुंकवाची तबकं मांडली आणि पहिलं कुंकू लिस्बेतला लावलं. तिने मला हळूच विचारलं, हे किती वेळ ठेवायचं? मी म्हटलं, काका जाईपर्यंत पुसू नकोस.

आता आमच्या लोकांचं असं की फळी कुणी स्वतःसाठी घेईना. एकाला शुगर, एकाला बीपी, एकाला फक्त चव बघायची, एकीला वासच बघायचा. म्हणून चौघांत एक फळी ठरली. मी जास्तीचे लहान ग्लास आणायला वळले तर पटवर्धन म्हणाले, कशाला मावशी, धुवायचे तुम्हालाच आहेत. आणि त्यांनी पांढऱ्या बिअरचा ग्लास उचलला, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि ग्लास ओठांना न लावता वरून धार सोडली. दोन घोट घेतले आणि ग्लास शेजारच्याला दिला. त्यानेही वरून.

लहानपणी तांब्याने वरून पाणी प्यायलेली ही माणसं. पुढे लंडन-अमेरिकेच्या डिग्र्या घेतल्या, तरी मनगट विसरलं नव्हतं. पण पाणी आणि बिअर यांत फरक आहे. बिअर उंचावरून पडली की फुगते. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कॉलरवर सांडली, भुलीच्या डॉक्टरांच्या नाकात गेली. ज्यांना जमलं ते ज्यांना जमलं नाही त्यांना हसत होते.

लिस्बेत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तारा, व्हॉट आर दे डूइंग?

उष्टं याला इंग्रजीत शब्द नाही. मी म्हटलं, एकाचं तोंड लागलेलं दुसऱ्याला चालत नाही. ती म्हणाली, जर्म्स? मी म्हटलं, जर्म्स नव्हे, हे जर्म्सच्या आधीपासूनचं आहे. ती म्हणाली, नवराबायकोत पण? मी म्हटलं, नवराबायकोत चालतं. आईचं मुलाला चालतं. पटवर्धनांचं कुणालाच चालत नाही. तिने कोपऱ्यात पाहिलं. योरिसने टोपी बाजूला ठेवली होती आणि तो पुढे वाकून बसला होता. तिला वाटलं, संपलं. मलाही वाटलं. ज्या माणसाच्या घरात दर बिअरला निराळ्या घाटाचा ग्लास, त्याच्यासमोर त्याची बिअर नळासारखी वरून पडत होती.

तेवढ्यात मोठ्या टेबलावर भांडण सुरू झालं. फळी शेवटच्या ग्लासापर्यंत, म्हणजे आंबटपर्यंत आली होती. पटवर्धन म्हणाले, याला हिंगाचा वास आहे. सुमनवहिनी म्हणजे त्यांच्या वहिनी, त्यांनी सांगितलं की पटवर्धनांना कशालाही हिंगाचा वास येतो, हे वाळलेलं आमसूल आहे. कातडीचे डॉक्टर म्हणाले, जुनं कातडं. त्यांना दुसरं काय सुचणार. मग देवधर बोलले. देवधर रेजिना शहरातले, मुलीकडे मिल्टनला आले होते. जन्मभर गुरांचे डॉक्टर, सस्काचेवानच्या थंडीत रँचवर जाऊन अडलेल्या गाई सोडवायचे. बाकीचे तीन डॉक्टर त्यांना डॉक्टरांत मोजत नसत. आपसात ढोरांचा डॉक्टर म्हणायचे, आणि त्यांच्या कानाचं मशीन चांगलं असल्यामुळे ते त्यांना ऐकू जायचं.

देवधर म्हणाले, "तुम्ही शहरातली माणसं. हा गोठा आहे. ओली वैरण, घामेजलेलं खोगीर, आणि बाजूला दह्याचं मडकं."

पटवर्धन म्हणाले, हिंगच. ग्लास पुन्हा फिरला. पुन्हा वास, पुन्हा वरून धार, पुन्हा वाद. शुगरवाला, बीपीवाला, सगळे उभे राहिले. वासवाली बाईसुद्धा प्यायली. शेवटी तळाला थेंब राहिला, तो कुणी घ्यायचा यावरून दोन इंजिनियर तापले.

योरिस उठून तिथे आला. मला विचारलं, हे कशावरून भांडतात? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, त्यांना हिंग, आमसूल आणि गाय. गाय त्याला कळली. तो देवधरांकडे बघून मान हलवायला लागला, आणि देवधर त्याला म्हणाले, एक मिनिट हं, आलो, आणि वॉशरूमला गेले. त्यांचं वय झालेलं, बिअर झालेली.

इथे सुमनवहिनी डबा घेऊन पुढे आल्या. त्यांचे तिळाचे लाडू मंडळात प्रसिद्ध आहेत. पाक नेहमी पुढे जातो. दर वर्षी कुणाचा तरी दात, नाहीतर कवळी. आम्ही ते घेतो, हातात धरतो, गोड बोलतो आणि रुमालात बांधून घरी नेतो. ही पद्धत योरिसला कुणी सांगितली नव्हती. वहिनी समोर उभ्या राहून बघत होत्या, म्हणून त्याने अख्खा लाडू तोंडात टाकला. चावायचा प्रयत्न केला. दाताखाली जाईना. तेवढ्यात पटवर्धनांनी त्याच्या हातात सोनेरी बिअरचा ग्लास दिला आणि मान मागे टाकून दाखवलं, असं. पाहुण्याने मान दिला. त्याने डोकं मागे टाकलं, गालात लाडू, आणि वरून धार सोडली. बिअर आत गेली, फुगली आणि लाडवाला घेऊन घशात उतरली.

तर म्हातारा निळा पडत होता इथे आपण होतो.

पटवर्धनांनी नाइन वन वन लावला. पलीकडच्या बाईने नाव विचारलं तर ते सगळं आडनाव एकेक अक्षर करून सांगायला लागले. पी फॉर पीटर. मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि पत्ता सांगितला. तेवढ्यात वॉशरूमचं दार उघडलं आणि देवधर पँटला हात पुसत बाहेर आले. म्हाताऱ्याकडे पाहिलं. काय झालं असं विचारलंसुद्धा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना कोपराने बाजूला केलं, योरिसला कमरेतून धरून काउंटरच्या स्टुलावर पोटाशी वाकवलं, आणि तळव्याने दोन्ही खांद्यांच्या मध्ये असा रट्टा दिला की फळीवरचे ग्लास वाजले. आणखी एक दिला. आणखी एक. लिस्बेत ओरडली, तो मरेल. देवधर मराठीत म्हणाले, "गप गं." आणि पुन्हा दिला.

लाडू बाहेर आला, काउंटरवर आपटला, टणकन उडाला आणि घरंगळत तबकाशी जाऊन थांबला. म्हाताऱ्याने श्वास घेतला. तो आवाज मी विसरले नाही. दाराची बिजागरी करते तसा होता.

 सुमनवहिनींनी लाडू उचलून उजेडात धरला.

"बघा," त्या म्हणाल्या, "फुटला नाही."

मला हसू आवरेना. मग सगळ्यांनाच. हसणं थांबलं तेव्हा लक्षात आलं की लिस्बेत हॉलमध्ये नाही.

अँब्युलन्सवाले आले. त्यांनी बर्फाचे बूट, जरीच्या साड्या, हळदीची तबकं आणि ग्लासांच्या फळ्या पाहिल्या आणि काय अडकलं होतं म्हणून विचारलं. डिग्र्यावाल्यांपैकी कुणाला तिळाच्या लाडवाचं इंग्रजी सुचलं नाही. वहिनींनी त्यांना एकेक दिला. त्यांनी बीपी पाहिलं, छाती तपासली, हॉस्पिटलमध्ये चला म्हणाले. योरिस नाही म्हणाला. देवधरांनी त्याला सांगितलं, आज उशाशी दोन उशा घेऊन झोपा, आणि उद्या डॉक्टरला दाखवा. मग तिघा डॉक्टरांकडे बघून म्हणाले, माणसांच्या.

मी वॉशरूमच्या दारावर थाप मारली. आतून लिस्बेत म्हणाली, माझ्यामुळे काका मरणार होता, आता लेबलं चिकटवायला जाते. मी म्हटलं, रडायचं तर घरी जाऊन रड. बाहेर म्हातारा एकटा बसलाय आणि पटवर्धन त्याच्याशी बोलायला निघालेत. ती लगेच बाहेर आली. कुंकू सगळ्या कपाळभर झालं होतं.

आमची मंडळी पार्का घालून दाराशी उभी होती. जायचं की थांबायचं ते कुणाला कळत नव्हतं. योरिसने मला जवळ बोलावून विचारलं, मदाम, ते तोंड का लावत नाहीत? मी त्याला जसं जमेल तसं उष्टं सांगितलं. माऊथ नो टच, नेक्स्ट मॅन हॅपी. तो शब्द त्याने तोंडात घोळवून पाहिला, बिअर घोळवतात तसा. उश्ता. मग बराच वेळ पाणी पीत बसला. घसा सोलवटला होता. बोलला तेव्हा हळू बोलला, म्हणून सगळे जवळ सरकले.

तो म्हणाला, मी जिथे जातो तिथे माणसांचे हात बघतो. ग्लास उचलतात, पितात, फोन उचलतात. आज चार माणसं एका ग्लासावर भांडली. माझ्या घरात आंबट बिअरवरून असं भांडण माझे वडील होते तेव्हा शेवटचं झालं.

लिस्बेत उभीच होती. तो तिला म्हणाला, "हे वरून पिणं बंद कर. फेस मरतो."

"आणि हॉल, नोंकल?"

"हॉल कशाला बंद करायचा? माणसं तर आत्ता आली."

पटवर्धनांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण हातात लोकरीचे जाड मिटन्स होते, त्यामुळे नीट वाजल्या नाहीत. लिस्बेत काकाच्या गळ्यात पडणार होती. मी म्हटलं, गळ्याला हात नको लावूस.

महिन्याभरात बेल्जियमहून एक खोकं आलं. अंगठ्याएवढे ग्लास, काचेचे, देठ असलेले. एका फळीला चौघांनी बसायचं असेल तर प्रत्येकाला आपला आपला, म्हणजे उष्ट्याचा प्रश्न नाही आणि फेसही जिवंत. सोबत योरिसच्या हातची चिठ्ठी होती की वरून ओतणाऱ्या माणसाचं चित्र काढून त्यावर फुली मारावी. ते चित्र काउंटरच्या मागे लावलेलं आहे. गोरी गिऱ्हाइकं त्याचा अर्थ विचारतात. आमच्यापैकी कुणी विचारत नाही. आता दर जानेवारीत तिळगूळ तिथेच होतो आणि गणपतीपेक्षा जास्त माणसं येतात. लाडू वहिनींच्या सुनेने करायचे असं ठरलं आहे. तेही फार मऊ नाहीत.

योरिसने मला दोनदा बोलावलं, या, पिंपं बघायला या. गुडघे दुखतात म्हणून मी गेले नाही. गुडघे इथेही दुखतातच, जायला हवं होतं. ते आता राहिलं. ग्लास धुवायचं काम मी मागच्या वर्षी सोडलं. नवा मुलगा ग्लास उजेडाला धरत नाही, मी पाहून आले आहे आणि त्याला सांगूनही आले आहे.

सुमनवहिनी गेल्या. डोळ्यांचे डॉक्टर गेले. देवधर दोन थंड्यांमागे रेजिनाला झोपेत गेले. त्यांच्या मुलीने कळवलं तेव्हा मी आणि लिस्बेतने मिळून बेल्जियमला फोन केला. फोन योरिसने घेतला. तो जिवंत आहे.